विल्फमामाचं मुकं नाटक

विल्फमामाला पुरून आलो त्याला आज बारा दिवस झाले. सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. चॅपलमधला नवा पाद्री चांगला बोलला, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तो म्हणाला, विल्फ्रेड ऑर्मरॉड हे होल्टच्या गिरणीत चाळीस वर्षं जॉबर होते आणि त्यांना लिहिण्याची हौस होती. हौस! हौस म्हणजे कबुतरं पाळणं. हौस म्हणजे परसात कांदे लावून जत्रेत बक्षीस मिळवणं. विल्फमामा नाटककार होता. एकतीस नाटकं लिहिली त्याने, सगळी हसायची, आणि त्यातलं एक मँचेस्टरच्या मोठ्या थिएटरात लागलं होतं, लाल मखमलीच्या खुर्च्यांवाल्या. पाद्री पोरसवदा आहे, त्याला कुणी सांगितलंच नाही तर तो काय करणार. म्हणून हे सगळं लिहून ठेवायचं. शुद्धलेखन कुणी बघू नका.

विल्फ आमच्या शॉब्रिज गावचाच. बाप तो पाळण्यात असतानाच गेला, आणि आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा. थोरली बहीण हिल्डा पंधराची, गिरणीत लागून तिला वर्ष झालेलं. तिने त्याला वाढवला. वाढवला म्हणजे काय, सकाळी लापशी घातली, कानशिलात दिली आणि शाळेत ढकलला. शाळा चौदाव्या वर्षी सुटली. मग तोही गिरणीत, साचेखात्यात, जिथे कापड विणायचे माग चालतात. आधी झाडलोट, मग मदतनीस, आणि लढाईवरून परत आल्यावर जॉबर. माग बिघडला की नीट करायचा तो जॉबर. हिल्डा त्याच खात्यात सहा मागांवर.

आता आमच्याकडे जॉबर म्हटला की तो बिनडोक असायचाच, हे ठरलेलं आहे. त्यावर शंभर विनोद आहेत, आणि बायका ते जॉबरच्या तोंडावर सांगतात. एका जॉबरचं घड्याळ बंद पडलं, तर तो शेजाऱ्याला उठवून वेळ विचारून आला आणि घड्याळाला सांगितली म्हणे. दुसरा कुणी असता तर चिडला असता. विल्फ खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढायचा, पेन्सिल थुंकीने ओली करायचा आणि लिहून घ्यायचा.

"काय लिहितोस रे?" आयव्ही विचारायची. आयव्ही म्हणजे हिल्डाच्या शेजारच्या मागावरची, तिची जिवाभावाची मैत्रीण.

"तुझं नाव. फाशी कुणाला द्यायची ते नंतर ठरवू."

पहिलं नाटक त्याने चॅपलच्या हॉलसाठी लिहिलं, एकोणपन्नास सालच्या हिवाळ्यात. त्यात एक लॉर्ड होता, एक लेडी होती आणि एक खानसामा. विल्फने जन्मात लॉर्ड पाहिला नव्हता. त्याला वाटलं, नाटक म्हणजे असंच असतं. हिल्डा लेडी झाली होती, तीनशे माणसं बसलेली, आणि हसेना कुणी. लोक नुसते खोकत होते. पुढच्या रांगेत एक बाई विणकाम काढून बसली. दुसऱ्या अंकात हिल्डा वाक्य विसरली. ती लेडीसारखी ताठ उभी राहिली, आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, खाली बसलेल्या आयव्हीला म्हणाली, "पुढं काय गं? आणि हा पट्टा मला कापतोय, जीव जातो की काय."

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण साचेखात्यात सहाशे माग एकदम चालतात, तिथे कान म्हणजे नुसते टोपी अडकवायला. आमच्या बाया सगळं ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, आणि वाचतात डोळ्यांनी. मीमॉ म्हणतात त्याला. लग्नं ठरतात, भांडणं होतात, पाककृती सांगितल्या जातात, चाळीस हातांवरून, आणि मधून मॅनेजर फिरत असतो त्याला गंधही नसतो. तर त्या हॉलमधल्या तीनशे माणसांनी हिल्डाचं वाक्य वाचलं. एकट्या आयव्हीला सांगितलं असं तिला वाटलं, आणि सांगितलं सगळ्या गावाला.

"आता तू बेशुद्ध पडतेस!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पड बाई एकदाची," आयव्ही म्हणाली, "पट्टा तरी सैल होईल!"

हिल्डा पडली. हॉल पाच मिनिटं हसत होता. विणणारी बाई सुई शोधत खुर्चीखाली गेली.

विल्फ कुणाशी न बोलता घरी गेला. सकाळी लापशीपुढे तोंड पाडून बसला.

"काय झालं? कुणी मेलं का?" हिल्डाने विचारलं.

"माझं नाटक. तू मारलंस."

"मी? अरे, तुझा लॉर्ड तासभर बोलत होता, त्याला कुणी हसलं? मी माझ्या पट्ट्याबद्दल एक वाक्य बोलले, तेही न बोलता. तुझ्या नाटकात माणसं नाहीत विल्फ. कपडे आहेत नुसते."

त्याला लागलं ते. दोन महिने तो तिच्याशी धड बोलला नाही. पण पुठ्ठे भरत होते. आणि मग त्याने ‘मिसेस क्लेगच्या घरी चहा’ लिहिलं. लॉर्ड गेला, खानसामा गेला. गिरणीचा मॅनेजर मिसेस क्लेगकडे चहाला येतो, तिच्या मुलीच्या लग्नात मोडता घालायला. बायका त्याच्यापुढे मटण-बटाट्याची पाई ठेवतात, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात येतं की पाई मांजराने चाटलीय. मॅनेजर खातोय, स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतोय, आणि त्याच्या पाठीमागे मिसेस क्लेग आणि तिची शेजारीण मिसेस टॅटरसॉल अकरा मिनिटं नुसत्या ओठांनी बोलतायत. सांगायचं की नाही, पाई काढून घ्यायची की नाही, मांजर आजारी होतं का, आणि खाल्ल्यावर तो मेला तर लग्न पुढे ढकलावं लागेल का.

हॉलमध्ये लोक रडले हसून. म्हाताऱ्या मिस्टर शॉचे दात पडले खाली, खरंच पडले, आणि ते शोधताना दिवे लावावे लागले. आणि त्या नाटकातला जॉबर, तो बिनडोक नव्हता. सगळे त्याला बिनडोक समजतात आणि शेवटी लग्न तोच जमवतो. ते बघून इतर जॉबर ताठ मानेने घरी गेले.

पुढची दोन-तीन वर्षं दर हिवाळ्यात तेच नाटक लोकांनी मागून घेतलं. असाच एक प्रयोग होता तेव्हा मिस्टर पेल्हम आले. मँचेस्टरचं एक थिएटर चालवायचे, त्यांची आत्या आमच्या गावात होती. अंगात उंटाच्या लोकरीचा कोट. प्रयोग संपल्यावर मागे आले. विल्फ तेव्हा पडदा गुंडाळत होता.

"मिस्टर ऑर्मरॉड, मला अर्धं कळलं नाही," ते म्हणाले. "पण माणसं अशी हसताना मी वीस वर्षांत पाहिली नाहीत. ऑक्टोबरात दोन आठवडे देतो. फक्त तो मुका प्रवेश... त्यात बायकांना मोठ्याने बोलू द्या."

"मोठ्याने बोलल्या तर मॅनेजरला ऐकू जाईल," विल्फ म्हणाला.

"मग?"

"मग तो पाई खाईल कशाला?"

शेवटी असं ठरलं, आणि तसं कागदावर लिहिलं गेलं, की पहिल्या रात्री प्रवेश आहे तसा होईल. तो पडला, तर दुसऱ्या दिवसापासून कापायचा आणि बायका मोठ्याने बोलणार. विल्फने सही केली. घरी येऊन हिल्डाला सांगितलं.

"कापला तर काय राहील?" हिल्डा म्हणाली.

"एक माणूस पाई खातोय, एवढंच राहील."

त्याला गाडी नको होती, बंगला नको होता. मखमलीच्या खुर्चीत बसणाऱ्या लोकांनी आमच्या माणसांना एकदा हसावं, पण त्यांच्या शहाणपणाला हसावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. आणि ते सगळं त्या अकरा मिनिटांवर टांगलेलं.

मिसेस क्लेगचं काम मिस डेलिया फेन नावाच्या नटीला दिलं. चांगली नटी, लंडनची. मीमॉ शिकायला ती चार शनिवार हिल्डाच्या स्वयंपाकघरात आली. हातमोजे काढायची नाही.

"तोंड उघड पोरी," हिल्डा म्हणायची. "कबुतराला दाणा टाकत नाहीयेस. गालाची हाडं दुखली पाहिजेत."

"पण मिसेस बूथ, आवाजच नाही, तर मी काय बोलते ते कुणाला कळणार आहे?" हिल्डा लग्नानंतरची बूथ.

"आम्हाला."

मिस फेन हसली. पण पोरगी हुशार होती. चौथ्या शनिवारी हिल्डा आणि आयव्ही समोरासमोर बसून तिच्या टोपीबद्दल ओठांनी बोलत होत्या, ते तिने वाचलं आणि कानापर्यंत लाल झाली. वाचायला ती शिकली होती. बोलायला मात्र तिला पटलंच नव्हतं, आवाजाशिवायचं बोलणं तिला बोलणंच वाटत नव्हतं.

पहिला प्रयोग सोमवारी. साडेपाचला गिरणी सुटली आणि चार बस दारातच उभ्या. एकशे साठ माणसं, सगळी साचेखात्यातली, बसमध्येच केस विंचरत होती, डोक्यातला कापूस काढत होती. वरची गॅलरी त्यांनी सगळी भरली. डबे उघडले, व्हिनेगरचा वास सुटला, खालच्या लोकांनी मान वर करून बघितलं. हिल्डा पहिल्या रांगेत, कठड्याला लागून, हिरवी टोपी घालून. विल्फ खाली, सगळ्यात मागे, मिस्टर पेल्हमच्या शेजारी उभा. कोट बापाचा, मयतीला जायचा. दुसरा नव्हता.

पहिला अंक बरा गेला. खालचे अधूनमधून हसले, वरचे सारखे हसले. दुसऱ्या अंकात मॅनेजर आला, पाई आली, मांजर आलं. आणि मुका प्रवेश सुरू झाला.

मिस फेनने तोंड उघडलं, हिल्डाने शिकवलं तसं, चांगलं मोठं. पण वाक्यं म्हटलीच नाहीत. आवाज नाही तर वाक्यं पाठ कशाला करायची, असं तिने आणि मिसेस टॅटरसॉल झालेल्या दुसरीने ठरवलं होतं म्हणे. काहीही बोलायचं, तोंड हललं म्हणजे झालं, एवढ्या लांबून कोण वाचतंय!

"देवा, हे बूट चावतायत," मिस फेन ओठांनी म्हणाली. "हा अजून किती वेळ गिळणार आहे?"

"पेल्हमला विचार," दुसरी म्हणाली. "त्याचा विग बघितलास आज? तिरका बसलाय. मेलेल्या उंदरासारखा."

गॅलरी फुटली. छप्पर उडेल असं हसले वरचे.

"हसतायत!" मिस्टर पेल्हमने विल्फचा दंड धरला. "मिस्टर ऑर्मरॉड, वरचे हसतायत! काय म्हणाली ती?"

"पाईबद्दल," विल्फ म्हणाला. आणि विगकडे न बघता स्टेजकडे बघत राहिला.

खालचे लोक मात्र गप्प. एक माणूस खातोय, दोन बायका तोंडं वेडीवाकडी करतायत, हसायचं कशाला? आणि वरचं हसू ऐकून मिस फेनला चेव आला.

"बघ वरचे," ती म्हणाली, "काही न कळता हसतायत. मेंढरं नुसती. लोकरीसकट आलीयत."

हसू तुटलं. दोरा तुटावा तसं. एकशे साठ माणसं एकदम गप्प, आणि ती शांतता खाली उतरली. स्टेजवर मॅनेजर एकटाच चावत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता.

"आता काय झालं?" मिस्टर पेल्हम पुटपुटले. "पडला प्रवेश. वाटलंच होतं मला."

वर आयव्हीचा नवरा क्लिफर्ड उठला, टोपी डोक्यावर घातली. त्याच्यामागे आणखी चार उठले. खुर्च्या वाजल्या. विल्फ खालून बघत होता. तो नंतर सांगायचा, लढाईत त्याला कधी एवढी भीती वाटली नाही. प्रवेश कापला जाईल ते निराळं. पण आपल्याच माणसांना आपण दिवसभराच्या कामानंतर चार बसमधून इथे आणलं, शिवी खायला.

तेवढ्यात हिरवी टोपी उठली. हिल्डा कठड्यावर ओणवी झाली, मागे वळली आणि क्लिफर्डला ओठांनी म्हणाली, "खाली बस. आपल्या विल्फचं नाटक आहे, तिचं नाही."

क्लिफर्ड बसला. हिल्डापुढे कोण उभं राहणार.

मग ती स्टेजकडे वळली. हात हलवला. मिस फेनने वर बघितलं.

"डेलिया, पोरी," हिल्डाचं तोंड एवढं मोठं झालं की शेवटच्या मागावरून दिसलं असतं, "तोंड सांभाळ. वर सगळं ऐकू येतंय. बुटांचं, विगचं, मेंढरांचं."

मिस फेनने वाचलं. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे बघत गेली, आणि तिला कळलं की एकशे साठ माणसं तिच्या तोंडाकडे बघतायत आणि एकूण एकाने तिला ऐकलंय. असं ऐकणारं माणूस तिला जन्मात भेटलं नसेल. ती उभीच राहिली.

"बूट चावतायत ना?" हिल्डा म्हणाली. "काढ मग. मिसेस क्लेग घरात कुठे बूट घालते?"

मिस फेनने एक बूट काढला. मग दुसरा. वरून कुणीतरी टाळी वाजवली.

"आता म्हण. ‘मांजराने तोंड लावलंय त्याला.’"

"मांजराने तोंड लावलंय त्याला," मिस फेन ओठांनी म्हणाली, आणि या वेळी गालाची हाडं दुखतील असं म्हणाली.

"कुठल्या बाजूने?" आयव्हीने वरून मिसेस टॅटरसॉलला वाक्य दिलं, कारण तीही तोंड वासून उभी होती.

"कुठल्या बाजूने?"

"आता तो खातोय त्याच!" पुढचं वाक्य मिस फेनने आपणहून म्हटलं.

वरचे हसायला लागले. आणि मग खालच्या लोकांनी, मिस फेन सारखी वर बघतेय म्हणून, माना वळवल्या. बघतात तर हिरव्या टोपीची एक जाडजूड बाई कठड्यावरून अर्धी बाहेर आलीय, तोंड हलवतेय, आणि इकडे स्टेजवर तेच तोंड हलतंय. एका म्हाताऱ्या गृहस्थांना पहिल्यांदा उमगलं. ते मोठ्याने म्हणाले, "अहो, बोलतायत त्या! मांजराबद्दल बोलतायत!" आणि खालचे हसले. आधी थोडे, मग वाचायला लागले तसतसे जास्त. मॅनेजरने दुसरा तुकडा मागून घेतला तेव्हा वरचे कोण आणि खालचे कोण ते कळत नव्हतं. अकरा मिनिटांचा प्रवेश वीस मिनिटं चालला.

प्रयोग संपल्यावर मिस फेन अनवाणीच गॅलरीच्या जिन्यावर आली.

"मिसेस बूथ, मला..."

"असू दे," हिल्डा म्हणाली. "पण विगचं खरं होतं हं."

मिस्टर पेल्हम धावत आले. प्रवेश राहील, काही कापायचं नाही, आणि बाई, तुम्ही उद्या याल का?

"उद्या मला सहा माग आहेत," हिल्डा म्हणाली. "तिला येतंय आता. वर फक्त आमची माणसं बसवा म्हणजे तिला खोटं बोलता येणार नाही."

तसंच केलं त्यांनी. दोन आठवडे, रोज एका गिरणीगावाहून बस भरून विणकर आले, आणि मिस फेनने एक वाक्य चुकवलं नाही. नंतर मिस्टर पेल्हम नाटक लंडनला न्यायचं म्हणाले, पण अट अशी की तिथे बायका मोठ्याने बोलतील. विल्फने विचारलं, तिथे वर कोण बसणार? त्यांना सांगता येईना. विल्फ नको म्हणाला. लोक अजून म्हणतात की चूक केली. त्याने कधी म्हटलं नाही. दर हिवाळ्यात नवीन नाटक लिहिलं, आणि हॉलमध्ये उभं राहायला जागा नसायची.

त्या मंगळवारचं मात्र सांगायचं राहिलं. नाटक आवडलं की पहिल्या प्रयोगाला लोक लेखकाला स्टेजवर बोलावतात, तशी रीत आहे. सोमवारी रात्री मँचेस्टरच्या लोकांनीही बोलावलं, "लेखक! लेखक!" करून खुर्च्या बडवल्या. पण विल्फ तोवर बसमध्ये जाऊन बसला होता, अंधारात, बापाचा कोट घट्ट धरून. मिस्टर पेल्हमना शेवटी पडदा पाडून सांगावं लागलं की लेखक सापडत नाही.

मंगळवारी सकाळी भोंगा झाला, माग सुरू झाले, आणि विल्फ हातात पाना घेऊन मधल्या वाटेने खात्यात शिरला. त्याला वाटलं आज सगळ्या फारच कामात आहेत. कुणी त्याच्याकडे बघेना. तो मध्यावर आला. मग हिल्डाने मान वर केली, आणि तिच्यानंतर आयव्हीने, आणि मग एका रांगेमागून एक रांग. सहाशे माग धडाडत होते, माणूस किंचाळला तरी शेजाऱ्याला ऐकू गेलं नसतं, आणि त्या सगळ्या बायका एका तालात, तोंडं मोठी करून, एक आवाज न काढता म्हणत होत्या, "लेखक! लेखक! लेखक!"

विल्फ उभा राहिला. पाना खाली ठेवला. तेलाचे हात विजारीला पुसले, टोपी काढली आणि वाकला, चांगला कमरेतून, थिएटरात वाकतात तसा. वर आला तेव्हा डोळे पुसायचं त्याला सुचलं नाही.

"बघा, जॉबरला वाकता येतं!" आयव्ही ओठांनी म्हणाली. "मग माझ्या तिसऱ्या मागाखाली वाक की, भोंगा झाल्यापासून बंद पडलाय."

खातं हसलं. विल्फने टोपी घातली, पाना उचलला आणि आयव्हीच्या मागाखाली शिरला. दहा मिनिटांत तो चालू झाला.